फार गोड नाही

टक्.

ओट्यावरून एक हरभरा खाली पडला, लाकडी फरशीवर दोन उड्या मारून फ्रीजखाली गेला, आणि मी श्वास रोखून उभी राहिले. माझी लेक उर्जा आतल्या खोलीत नुकतीच झोपली होती. त्यातून दुपारची वेळ. आमच्या इमारतीत जेवणानंतर 'मिटाग्सरूहे' पाळतात. त्या वेळात खिळा ठोकायचा नाही, व्हॅक्यूम लावायचा नाही, आणि मला तर वाटतं हरभरासुद्धा पाडायचा नाही.

माझ्या हातात टार्टचा साचा होता, कडेला चुण्या असलेला, तळ सुटा होणारा. त्यात पीठ लाटून बसवलं होतं. टार्टचं पीठ म्हणजे करंजीच्या पारीची लाडावलेली बहीण. मैदा, गार लोणी, पिठीसाखर, एक अंडं. मोहन भरपूर आणि मळणं जवळजवळ नाहीच. ते नुसतं ओव्हनमध्ये ठेवलं तर मधे फुगतं आणि कडा घसरून खाली बसतात. म्हणून वर कागद घालायचा, कागदावर हरभरे ओतायचे आणि त्या वजनाखाली ते आधी रिकामंच भाजून घ्यायचं. इथे याला 'ब्लिंड बाकन' म्हणतात. आंधळं भाजणं. आत पुढे काय भरणार आहेत, हे त्या बिचाऱ्या पिठाला माहीतच नसतं.

माझे हरभरे या कामात इतके भाजून निघालेत की ते आता धान्य राहिलेले नाहीत. एकदा मी घरात नसताना श्रीरंगने, माझ्या नवऱ्याने, ते उसळीला भिजवले होते. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या आणि मग मला फोन आला, "कादंबरी, जर्मन हरभरा शिजत नाही का गं?"

तर तो एक हरभरा पडला आणि पाठोपाठ दारावर टकटक झाली. मला वाटलं, संपलं. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला.

दारात खालच्या फ्राऊ लिंडनरच उभ्या होत्या, पण तक्रार करायला आलेल्या नव्हत्या. डोळे भरले होते आणि ओठ हसत होते.

"कादा," त्या म्हणाल्या. माझं पूर्ण नाव त्यांनी एकदा म्हणून पाहिलं होतं, मग आम्ही दोघींनी मिळून त्याचा नाद सोडला. "कादा, एन्डलिश हाट एर्स गशाफ्ट. आमच्या हाइन्सने शेवटी जमवलं एकदाचं."

हाइन्स त्यांचा मोठा भाऊ, ऐंशी पार केलेला. जवळच्या एका गावात वृद्धाश्रमात राहायचा. फ्राऊ लिंडनर दर आठवड्याला बसने त्याला भेटायला जायच्या. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण उर्जाने पाहिलं होतं. ती त्याला ओपा हाइन्स, म्हणजे हाइन्स आजोबा, म्हणायची.

"आता तो त्याच्या गेर्डाजवळ आहे," त्या पुढे म्हणाल्या, आणि रुमालाने नाक पुसलं. मग म्हणाल्या, शुक्रवारी त्याची 'ड्राऊफायर' आहे.

इथे एर्लांगेनमध्ये जुनी माणसं फ्रांकन बोली बोलतात. त्यांच्या तोंडात ट चा ड होतो, प चा ब होतो आणि शब्दाची शेपटी गिळली जाते. मी पुण्यात शिकून आले ते पुस्तकातलं जर्मन. त्यामुळे फ्राऊ लिंडनर बोलल्या की मी आधी त्यांचे ड उचलून ट करते, ब उचलून प करते, आणि मग अर्थ लावते. ड्राऊफायर, म्हणजे ट्राऊफायर. फायर म्हणजे समारंभ, हे तर उर्जाच्या किटामुळे, म्हणजे बालवाडीमुळे, पाठ. आणि ट्राऊ? राटहाऊसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, पत्ता नोंदवायला गेलो होतो, तेव्हा एका दारावर 'ट्राऊत्सिमर' अशी पाटी होती. त्या दारातून पांढऱ्या झग्यातली एक मुलगी आणि तिचा नवरा हसत बाहेर आले होते आणि लोकांनी त्यांच्यावर तांदूळ उडवले होते. तांदूळ पाहून मला भरून आलं होतं, म्हणून तो शब्द पक्का लक्षात राहिला.

म्हणजे लग्न. ऐंशी वर्षांचा हाइन्स लग्न करतोय. कुणा गेर्डाशी.

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "वी श्योन!" किती छान!

फ्राऊ लिंडनरनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग हळूच मान हलवली. "हो," त्या म्हणाल्या. "तसं पाहिलं तर छानच."

मग त्यांनी मागितलं. उन्हाळ्यात मी जर्दाळूचा टार्ट केला होता, त्यातला तुकडा त्या हाइन्ससाठी घेऊन गेल्या होत्या. हाइन्सने तो सगळा खाल्ला होता आणि म्हणाला होता, "निश्ट त्सू झ्यूस." फार गोड नाही. त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं. आमच्याकडे गोड पदार्थाला 'फार गोड नाही' म्हणणं म्हणजे साखर मोजून घातलीत असं सुचवणं. नंतर कळलं की इथे याहून मोठी पावती नाही.

"शुक्रवारी नंतर कॉफी आहे, गास्टहाऊसमध्ये," त्या म्हणाल्या. "तुझा टार्ट असला तर हाइन्सला बरं वाटलं असतं. दोन करशील? अगदी साधे हं. नटवायचे नाहीत."

'वाटलं असतं' हे मी ऐकलं होतं. जर्मनमध्ये विनंती करताना असंच बोलतात, सगळं 'असतं' आणि 'झालं असतं'. मला त्यात काही वेगळं जाणवलं नाही.

मी हो म्हणाले, आणि त्या गेल्यावर दार लावून दाराला टेकून उभी राहिले. मला नाचावंसं वाटत होतं. कारण या बाईंनी आजवर माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं.

सप्टेंबरात माझे बाबा गेले. उर्जाचा पासपोर्ट तेव्हा नूतनीकरणाला गेलेला, तिला नेता येईना. श्रीरंगला ऑफिस. मी रडत जिन्यात बसले होते, तेव्हा फ्राऊ लिंडनर वर आल्या आणि म्हणाल्या, "मूल माझ्याकडे. तू जा." मी परत येईपर्यंत उर्जा रोज दुपारी त्यांच्याकडे होती. त्यांनी तिला बटाट्याची सालं काढायला शिकवलं, बुटाची नाडी बांधायला शिकवलं. पुण्याहून त्यांच्यासाठी शाल आणली, ती त्यांनी दोन दिवस अंगावर घेतली आणि इस्त्री करून परत दिली. "हे तर करायचंच असतं," एवढंच म्हणाल्या. उपकार फेडायलाही माणसाने थोडी जागा द्यावी लागते. त्यांनी कधी दिलीच नव्हती. आता पहिल्यांदा दिली होती, आणि ती मला वाया घालवायची नव्हती.

संध्याकाळी श्रीरंगला सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला.

"ऐंशीव्या वर्षी? काय माणूस आहे!"

"ट्राऊ म्हणजे लग्नच ना रे?"

"गेनाऊ. अगदी बरोबर. आमचा मार्कुस नाही का, ट्राउंग आहे म्हणून सुट्टी घेऊन गेला होता." श्रीरंगच्या ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं. त्याचं जर्मन 'गेनाऊ'ने सुरू होतं आणि तिथेच संपतं, पण म्हणतो इतक्या ठामपणे की समोरच्याला शंका येत नाही.

"साधे करायचे म्हणाल्यात. नटवू नको म्हणाल्या."

"तुझी आई काय म्हणते पाहुण्यांनी आहेर आणला की? 'अय्या, कशाला एवढं!' म्हणून काय परत नेतात का?"

पटलं मला. त्यांचं 'साधे' म्हणजे आपलं 'कशाला एवढं'.

आईला व्हिडिओ कॉल केला तेव्हा ती भाजी निवडत बसली होती. बाबांची खुर्ची तिने आता खिडकीपाशी सरकवली आहे, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून. तरी एक हात दिसतो खुर्चीचा. मी हाइन्सचं सांगितलं. मला वाटलं ती हसेल.

"बरं केलं," ती म्हणाली. मेथीची काडी हातात तशीच राहिली. "एकटं राहणं काही सोपं नसतं गं. त्या बाईचंही आधीचं कुणी गेलेलं असेल. म्हातारपणी एकमेकांना चहा तरी विचारतील." मग एकदम आवाज बदलून म्हणाली, "तुझ्याकडे वर्ख आहे ना, मी दिलेला? लाव त्याला. लग्नाचं आहे, जरा शोभा येऊ दे. आणि गुलाबाच्या पाकळ्या वाळवून दिल्यात, त्या काय मुहूर्ताची वाट बघतायत?"

गुरुवारी उर्जाला किटातून आणलं आणि आम्ही दोघी कामाला लागलो. मार्च महिना, ताजे जर्दाळू कुठले, डब्यातले आणले. एक टार्ट जर्दाळू आणि बदामाचा. फोडी एकीवर एक अशा गोल रचल्या की कमळ झालं. दुसरा लिंबाचा. लिंबाचा रस, अंडी, साखर, लोणी मंद आचेवर सारखं ढवळायचं, पिठल्यासारखं, हात थांबला की गुठळी झालीच. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती मोडली नाही, म्हणजे झालं.

उर्जा स्टुलावर उभी राहून उरलेल्या पिठाचे बदाम कापत होती. पत्त्यातले बदाम, खायचे नाहीत. मी सुरीने दोन अक्षरं कापली. एक H, एक G.

"वारुम हेर्त्सन?" तिने विचारलं. बदाम का? ती मराठी सगळं समजते, पण उत्तरं जर्मनमध्ये देते. मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये बोलायचं, असं आमचं दिवसभर चालतं.

"अगं, ओपा हाइन्सचं लग्न आहे ना."

लग्न हा शब्द तिला माहीत आहे. माझ्या मावसभावाच्या लग्नाला ती होती. लग्न म्हणजे खूप माणसं, फुलं आणि जेवण. तिने थोडा विचार केला.

"कॉम्ट ओपा हाइन्स आऊख?" तोही येणार?

"म्हणजे काय! त्याचंच तर आहे."

तिचे डोळे मोठे झाले. "आबर वी?" पण कसा?

"कसा म्हणजे? गाडीतून येईल."

ती परत बदाम कापायला लागली. मी सांगितलं ते तिला पटलं नव्हतं, पण मोठ्यांनी सांगितलं म्हणजे असेल, असा चेहरा करून. मला तो चेहरा तेव्हा फार गोड वाटला. मी तिच्या नाकाला लिंबाचं क्रीम लावलं.

लिंबाच्या टार्टवर मधोमध H आणि G ठेवले, दोघांत एक बदाम, भोवती बदामांचं रिंगण. रास्पबेरी घालून साय गुलाबी केली आणि नळीने कडेला फुलं काढली. त्यावर आईच्या पाकळ्या. शेवटी वर्ख. श्वास रोखून, कागदाने अलगद. ओव्हनचा दिवा पडला की तो टार्ट चकाकत होता. साधा नव्हता. पण काय देखणा झाला होता!

शुक्रवारी मी मोरपंखी पैठणी नेसले. वर लांब कोट. उर्जाला लाल फ्रॉक. "तुम्ही आधीच्या कार्यक्रमाला येऊ नका," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या होत्या, "लहान मूल कंटाळतं. थेट गास्टहाऊसला या." बसमध्ये एक खोकं माझ्या मांडीवर आणि एक उर्जाच्या. तिने सबंध रस्ताभर त्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. बस वळली की ती श्वास रोखायची.

गास्टहाऊसच्या मागच्या हॉलमध्ये अजून कुणी आलं नव्हतं. टेबलांवर पांढरे कपडे, मेणबत्त्या, पांढरी फुलं, कपबशा मांडलेल्या. म्हटलं, किती नीटस करतात ही माणसं. काळ्या कपड्यांतली मालकीणबाई आली, खोकी घेतली, झाकण उघडलं.

"ओह," ती म्हणाली. मग जरा थांबून, "रंगीत आहे."

"हो!" मी म्हणाले. कोटाची बटणं काढत विचारलं, "नवरी कुठेय? आली नाही का अजून?"

"नवरी?"

"गेर्डा."

बाईने टार्टकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. बटणांमधून डोकावणाऱ्या मोरपंखी रेशमाकडे पाहिलं. आणि मग, परक्या माणसाशी बोलतात तसं एकेक अक्षर सुटं करत, बोलीतलं नव्हे तर पुस्तकातलं जर्मन बोलली.

"आज इथे लग्न नाही. आज फक्त ट्राउ-अर-फायर आहे."

ट्राउ-अर. मधला तो 'अर'. तो फ्राऊ लिंडनरच्या तोंडून मी कधी ऐकलाच नव्हता. त्यांनी तो गिळला होता, आणि मी ट शोधत बसले होते. ट्राउअर म्हणजे शोक. हा शब्द मला येत होता. बाबा गेले तेव्हा उर्जाच्या किटातून जे कार्ड आलं होतं, त्याच्यावर हाच छापलेला होता.

"दा इस्ट एर या!" उर्जा ओरडली. तो बघ, तिथे आहे!

कोपऱ्यातल्या टेबलावर एका म्हाताऱ्याचा फोटो होता. टोपी घातलेला, एक डोळा जरा मिटलेला. फोटोच्या कोपऱ्यावर काळी फीत. उर्जा त्याच्यापाशी गेली, मागे वाकून पाहिलं, मग माझ्याकडे वळली. तिला तिचा गोंधळ सुटायला हवा होता. "आई, काम एर मिट डेम आऊटो?" हा गाडीतून आला?

मी कोटाची बटणं परत लावली. अगदी गळ्यापर्यंत.

एकेक वाक्य उलटं होऊन परत यायला लागलं. शेवटी जमवलं एकदाचं. आता तो त्याच्या गेर्डाजवळ आहे. हाइन्सला बरं वाटलं असतं. नटवायचे नाहीत. आणि मी? मी काय म्हणाले होते? किती छान. त्यांचे हात धरून, डोळ्यांत पाणी आणून, किती छान!

कुठे चुकलं ते मला कळत होतं, आणि तरी कळत नव्हतं. मेलेल्या माणसाच्या नावाने कुणी केक मागवेल हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे माणूस गेलं की घरात कढई चढत नाही. शेजारच्या घरून पिठलं-भात येतो, तोही झाकून. बाबांच्या वेळी तेराव्याला गोडाचं जेवण झालं, तेव्हा श्रीखंडाची वाटी माझ्यासमोर ठेवून आई म्हणाली होती, "बोट लाव नुसतं." मी बोट लावलं होतं. आणि इथे मी पिठलं-भाताच्या जागी बदाम आणि वर्ख घेऊन आले होते.

"सुरी," मी मालकीणबाईला म्हणाले. "बिट्टे, एक सुरी."

अक्षरं काढून टाकायची, बदाम काढायचे, गुलाबी फुलं खरवडायची. मी G च्या खाली टोक घातलं. क्रीम घट्ट बसलं होतं; अक्षर उचललं जाईना, उलट टार्टला एक बारीक चीर गेली. वर्ख बोटांना चिकटला. कोटात घाम फुटला होता. उर्जा शेजारी येऊन उभी राहिली. "कापुट?" तिने हळूच विचारलं. मोडलं?

आणि दार उघडलं.

काळ्या कपड्यांतली माणसं थंडी घेऊन आत आली. काठ्या, टोप्या, खोकला, गार हात चोळण्याचा आवाज. सर्वांत पुढे फ्राऊ लिंडनर. त्या सरळ माझ्याकडे आल्या, कारण मी टेबलापाशी सुरी घेऊन उभी होते आणि माझी बोटं चांदीची झाली होती.

त्यांनी टार्ट पाहिला. बराच वेळ पाहिला. मागे एक बाई येऊन थांबली, हाइन्ससारखंच नाक असलेली. त्याची मुलगी असणार.

"H," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. "आणि G."

"मला वाटलं..." माझं सगळं जर्मन एकदम संपलं. "मला वाटलं, लग्न."

"लग्न?"

"तुम्ही म्हणालात ट्राऊफायर. म्हणालात, गेर्डाजवळ आहे. मला माहीत नव्हतं गेर्डा कोण."

"गेर्डा त्याची बायको," त्या म्हणाल्या. "ती कधीच गेली. उर्जा जन्मायच्याही आधी." मग एकेक शब्द चाचपडत, जणू आता अर्थ लावायची पाळी त्यांची होती, "म्हणजे तुला वाटलं, हाइन्स लग्न करतोय. गेर्डाशी."

"हो."

मागच्या त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, टार्टकडे पाहिलं आणि ती वळून बाहेर निघून गेली. दार आपटलं नाही. पण मला वाटलं, आपटलं असतं तर बरं.

फ्राऊ लिंडनर जवळच्या खुर्चीवर बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. चेहरा रुमालात होता. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला खरंच कळलं नाही. आजही मी शपथेवर सांगू शकत नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो ठेवावा की काढावा, तेही कळेना. माफी मागावी तर कुठल्या शब्दांत? कानाला यंत्र लावलेले एक आजोबा टेबलाच्या टोकाहून मोठ्याने म्हणाले, "काय झालं? केक आहे की नाही?"

"आहे," फ्राऊ लिंडनर रुमालातून म्हणाल्या. "आहे, एर्विन. लग्नाचा आहे."

"कुणाच्या?"

"हाइन्स आणि गेर्डाच्या."

एर्विन आजोबांनी जरा विचार केला. "परत?" ते म्हणाले. "मागच्या वेळी तर त्याने मला बिअर पण पाजली नव्हती."

कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणी 'श्श' केलं. मालकीणबाईने कॉफी ओतायला सुरुवात केली, आणि खुर्च्या ओढल्या गेल्या. मी भिंतीला लागून उभी होते, तेव्हा फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "कोट काढ की. उकडत असेल."

"नको."

"काढ गं. पाहू दे."

मी काढला. पैठणीवर सगळ्यांच्या नजरा आल्या आणि परत कपांवर गेल्या. फ्राऊ लिंडनरनी पदराचा काठ बोटात धरून पाहिला, जसा बाजारात कापड पाहतात तसा. "वर्ख गेर्डाला आवडला असता," त्या म्हणाल्या. "हाइन्सला नाही. तो म्हणाला असता, हे खायचं की पुसायचं?"

मग त्यांनी माझ्या हातातली सुरी घेतली. जर्दाळूचा टार्ट आधी कापला, माणसामाणसाला दिला. मी श्वास रोखून पाहत होते. बाळाला पहिला घास देताना पाहतात तसं. एर्विन आजोबांनी खाल्लं, चावलं, डोळे मिटले. "निश्ट त्सू झ्यूस," ते म्हणाले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "नाही ना? मीही तेच म्हणणार होते."

हाइन्सची मुलगी परत आली. डोळे लाल, केसांना सिगारेटचा वास. तिच्यासमोर तुकडा ठेवलेला होता. तिने तो खाल्ला नाही. काटा उचलून बाजूला ठेवला आणि फक्त काळी कॉफी प्यायली. मी तिच्याकडे दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा ती खिडकीबाहेर पाहत होती. तिला मी काय म्हणणार होते? माझेही बाबा सप्टेंबरात गेले, असं? तिच्या बाबांच्या दिवशी माझे बाबा कशाला.

लिंबाचा टार्ट शेवटी कापला. फ्राऊ लिंडनरनी सुरी अशी घातली की H आणि G, मधल्या बदामासकट, एकाच तुकड्यावर राहिले. आमच्याकडे असा तुकडा बाजूला काढून ठेवला असता. पानावर वाढून, गच्चीवर, कावळ्याची वाट पाहत. मला वाटलं त्याही फोटोपुढे ठेवतील. पण त्यांनी ती बशी उर्जासमोर सरकवली.

"तू खा," त्या म्हणाल्या. "हे लहानांनीच खायचं."

मी नको म्हणायला तोंड उघडलं. का नको, ते जर्मनमध्ये सांगता येईना. मराठीतही सांगता आलं असतं का, कोण जाणे. तोवर उर्जाने G खाल्ला होता.

ती मन लावून खात होती. वरच्या ओठावर चांदी. पाय टेबलाखाली हलत होते. मधेच तिने फोटोकडे पाहिलं, मग H कडे, मग फ्राऊ लिंडनरकडे.

"ओपा हाइन्स इस्ट बाय डेर गेर्डा," ती म्हणाली. विचारत नव्हती, सांगत होती. गाडीचा प्रश्न तिने तिच्यापुरता सोडवून टाकला होता.

"हो," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. "गेर्डाजवळ आहे तो."

उर्जाने मान डोलावली. काट्याने H उचलला, तोंडापर्यंत नेला आणि मधेच थांबली. काटा तसाच हवेत. मग माझ्याकडे वळली, आणि या वेळी, कधी नव्हे ते, मराठीत बोलली.

"आई, मग आपले आजोबा कोणाजवळ आहेत? आजी तर पुण्यात आहे."